तीन दिवसांचं कातडं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता, स्केलबेकचे सातवे लॉर्ड, ऑब्री, मेंढ्यांच्या वाडग्यात एका मेंढीच्या मागे गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर मेंढीत होता. कोल्डरिगच्या डोंगरावरून जे खाली येत होतं त्याला कुणी पाऊस म्हणावं, कुणी बर्फ म्हणावं. मानेतून पाठीत उतरल्यावर दोन्ही सारखंच.

"डोकं सापडलं का?" विल्फ टायसनने विचारलं.

"सापडलं."

"कोकराचं ना? नाही, तुझं मी गेली पन्नास वर्षं शोधतोय."

विल्फ स्केलबेकच्या कळपाचा मेंढपाळ. वय चौऱ्याहत्तर, बोटांच्या सांध्यांना आल्याच्या गाठी. चारचौघांत तो ऑब्रीला 'लॉर्डसाहेब' म्हणे आणि वाडग्यात 'तू'. ऑब्री मात्र त्याला सगळीकडे 'तुम्ही'च म्हणे. सहा वर्षांचा असताना तो वरच्या दलदलीत छातीपर्यंत रुतला होता आणि विल्फने त्याला मेंढीसारखं मानगुटीला धरून बाहेर काढलं होतं. त्यानंतर माणसाला 'तुम्ही' म्हणावंच लागतं.

ऑब्रीचं राजकारण तसं जुनं. गावच्या पंचायतीला तो दोनदा उभा राहिला. पहिल्यांदा निवडून आला, कारण अर्ज एकच होता. दुसऱ्यांदा अर्ज दोन आले आणि तो पडला. त्याला पाडलं टपाल कचेरीतल्या बाईंनी. बाईंचं म्हणणं, बसथांब्याला छप्पर हवं. ऑब्रीचं म्हणणं, लोक कोरडे राहिले तर बस उशिरा आल्याबद्दल भांडणार कोण? गावाने छप्पर निवडलं.

लंडनचं तर आणखी वेगळं. ऑब्रीचा बाप एकतीस वर्षं लॉर्डांच्या सभागृहात बसला आणि एकदा बोलला. मेंढ्यांच्या काळजात होणाऱ्या किड्यांवर, चार मिनिटं. मग कायदा आला आणि बापजाद्यांच्या नावावर बसणाऱ्या बहुतेकांना घरी पाठवलं. नव्वदेक जण ठेवले. त्यांतला एखादा मेला किंवा थकला, की त्याच्या पक्षातल्या उरलेल्या वारसदारांनी बाहेरच्या वारसदारांतून एक निवडायचा. अशा पाच निवडणुका ऑब्रीने लढवल्या. मतं पडली शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. त्या एका मताचा तपास केला तेव्हा कळलं, की मत देणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं उभा आहे तो बापच. बाप जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

पण या वेळची गोष्ट हौसेची नव्हती. डोंगरांचं एक विधेयक येत होतं आणि त्यात कलम चौदा होतं. मोकळ्या डोंगरांवरच्या सगळ्या मेंढ्या सात वर्षं खाली आणाव्यात. गवत वाढेल, झाडं येतील. सात वर्षांनी ज्याला हव्यात त्याने परत वर न्याव्यात. लिहिणाऱ्याला बहुधा मेंढी म्हणजे खुर्ची वाटली असावी; पाऊस आला की आत घ्यायची, ऊन पडलं की बाहेर ठेवायची.

कोल्डरिगला कुंपण नाही. कधीच नव्हतं. तरी स्केलबेकच्या मेंढ्या दुभंगलेल्या खडकाच्या पलीकडे जात नाहीत आणि पलीकडच्या अलीकडे येत नाहीत. आपला थारा कुठे सुरू होतो, वादळात कुठल्या दगडाआड बसायचं, पाणी कुठे गोठत नाही, हे आई कोकराला दाखवते. तिला तिच्या आईने दाखवलेलं असतं. हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि सात वर्षांत दाखवणारी एकही मेंढी उरत नाही.

"सात वर्षांनी नवी मेंढी वर सोडली," विल्फ म्हणाला होता, "तर संध्याकाळपर्यंत ती स्कॉटलंडात. आणि तिथले लोक परत करतील असं मला वाटत नाही."

विधेयक जूनमध्ये लॉर्डांच्या सभागृहात येणार होतं. मार्चमध्ये ऑब्रीच्या पक्षातला एक लॉर्ड वारला. जागा एक, उमेदवार सात. मतदार तीन.

विल्फने मेंढ्या मोजायच्या जुन्या आकड्यांत बोटांवर मोजलं. "यान, टान, टेदरा. संपले. एवढ्याशा कळपाला तर कुत्राही लागत नाही."

नियम असा, की उमेदवाराने स्वतःबद्दल पंचाहत्तर शब्द लिहून पाठवायचे. ते छापून मतदारांना देतात. ऑब्री तीन दिवस स्वयंपाकघरात कागद खात बसला. चुलीजवळच्या खोक्यात पोरकी कोकरं ओरडत होती. टाइप करायला त्याची बायको हेस्टर. ती दाताच्या डॉक्टरची मुलगी. नको ते उपटून टाकायचं, हे तिच्या रक्तातच होतं.

"'आमचं घराणं तीनशे वर्षं' हे काढ," ती म्हणाली.

"का?"

"सातही जणांचं तीनशे वर्षं आहे. म्हणून तर उभे आहेत."

"मग 'डोंगरी शेतीचा गाढा अनुभव'?"

"गाढा काढ. मेंढ्यांवर किती शब्द झाले?"

त्याने मोजले. "चौऱ्याहत्तर."

"उरला एक. तुझ्याबद्दल काही लिहायचंय?"

ऑब्रीने विचार केला. कोकरं ओरडत होती. "हजर," तो म्हणाला. "'हजर राहीन'मधलं 'हजर'. तेवढंच बसतंय."

हेस्टरने 'हजर' टाइप केलं आणि कागद पाकिटात घातला. दुसऱ्या उमेदवारांनी काय लिहिलंय ते पुढे छापून आलं. एक जण बँकेत होता, एक सैन्यात, एकाने वयाच्या साठाव्या वर्षी वाळवंट धावून पार केलं होतं. त्यांच्या रांगेत ऑब्रीचा मजकूर कुणी घाईत सोडून गेलेल्या चिठ्ठीसारखा दिसत होता.

आणि हजर राहीन म्हणणारा माणूस पहिल्याच बोलावण्याला हजर राहिला नाही. मंगळवारी लंडनला मतदारांसमोर उमेदवारांनी बोलायचं होतं. त्या दिवशी एकोणचाळीस मेंढ्या व्याल्या. त्याने तसं कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: नोंद घेतली आहे. ते पत्र त्याने खिशात ठेवलं आणि संध्याकाळी त्या पत्रानेच सुरी पुसली.

शुक्रवारी वारा उत्तरेकडून फिरला. हेस्टर कोकरांसाठी दुधाची भुकटी आणायला केंडलला गेली होती. वाडग्याच्या कोपऱ्यात एक पहिलटकरीण सकाळपासून अडली होती. मान वर ताणून, ओठ मागे ओढून ती कळा देत होती आणि एक छोटा काळा खूर तेवढा बाहेर डोकावत होता. ऑब्रीने तीनदा हात घालून पाहिला. त्याचा पंजा खोऱ्यासारखा. विल्फची बोटं तर मिटतच नव्हती.

"फाटेल ती," विल्फ म्हणाला. "थांब. लहान हात पाहिजे."

तेवढ्यात फाटकाशी एक छोटी गाडी थांबली आणि हिरव्या रेनकोटातली सत्तरीची, चिमणीएवढी बाई उतरली. ऑब्रीला बघताक्षणी कळलं, की ही शेती खात्याची बाई. मेंढ्यांच्या कानातले बिल्ले तपासायला शुक्रवारी येणार म्हणून पत्रच होतं.

"लॉर्ड स्केलबेक?" तिने विचारलं.

"मीच. फाटकाची कडी लावा. हात दाखवा."

तिने हातमोजे काढून हात दाखवले. एवढे सुबक हात त्या वाडग्यात कधी आले नव्हते.

"अंगठ्या काढा."

अंगठ्या तीन होत्या. त्या कुठे ठेवाव्यात म्हणून ती इकडेतिकडे बघायला लागली, तशी विल्फने आपली टोपी पुढे केली.

"नखं?" ऑब्रीने विचारलं.

"पियानो वाजवते मी."

"मग कापलेली असतील. साबण तिथे आहे. बाही खांद्यापर्यंत वर घ्या."

बाईने एकदा विल्फकडे पाहिलं. विल्फ टोपीतल्या अंगठ्या बघत होता. तिने बाही वर घेतली आणि चिखलात गुडघे टेकले.

"काय लागतंय?"

"एक पाय. नाक. ... दुसरा पाय नाही."

"मागे मुडपलाय. ओढू नका! आधी सगळंच मागे ढकला. कळ आली की थांबा, गेली की ढकला. आणि एक सांगतो," ऑब्री मेंढीचं डोकं मांडीत दाबून म्हणाला, "आता आलाच आहात तर ऐकून जा. तुमच्या खात्याने ते कलम चौदा लिहिलंय ना—"

"माझ्या खात्याने?"

"बोलू नका, लक्ष द्या. गुडघा लागला का? खूर तळहातात झाका, नाहीतर आत ओरखडा येतो. कलम चौदा लिहिणाऱ्याला इथे आणा. एक दिवस. त्याला विचारा, ही मेंढी आणि पलीकडची मेंढी यांच्यामध्ये काय आहे? भिंत नाही, तार नाही. तिची आई आहे! आई काढून घ्या आणि सात वर्षांनी म्हणा, हं, जा घरी. कुठे जाईल ती? आला का पाय?"

"आला."

"आता ओढा. खाली. तिच्या पायांकडे. कळेबरोबर."

कोकरू सरकन बाहेर आलं. काळंभोर, मोठं, आणि हललं नाही. ऑब्रीने त्याचं तोंड पुसलं, नाकपुडीत काडी फिरवली, मागच्या पायांना धरून गरकन फिरवलं, पेंढ्याने बरगड्या घासल्या. मग पुन्हा फिरवलं. वाऱ्याने पत्रा वाजत होता. मेंढी मात्र उठून जमिनीवरचा ओला चिकट पेंढाच चाटायला लागली होती, घशातल्या घशात हाक घालत.

"मी उशीर केला का?" बाईने विचारलं. तिच्या कोपरावरून रक्त ओघळत होतं.

"नाही," विल्फ म्हणाला. "ते आधीच गेलं होतं. तुम्ही आई वाचवलीत." आणि त्याने चाकू काढला.

मोजा काढावा तसं त्याने मेलेल्या कोकराचं कातडं काढलं. पायांना चार भोकं, मानेला एक. ऑब्रीने स्वयंपाकघरातल्या खोक्यातून एक पोरकं आणलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या शेजाऱ्याने दिलेली कोकरी, पांढरीशुभ्र. डोंगरी कोकरं काळी जन्मतात आणि वयाबरोबर करडी होतात. ही जन्मापासूनच दुधासारखी. विल्फने तिच्यावर काळं कातडं चढवलं. पांढरं तोंड, पांढरे पाय, मध्ये काळा कोट.

"झाली लंडनला जायला तयार," तो म्हणाला आणि तिला मेंढीपुढे ठेवलं.

मेंढीने तोंड हुंगलं आणि पाय आपटला. कोकरी धडपडली, उठली, मागून कासेकडे गेली. मेंढीने वळून शेपटीखाली हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग मेंढीच्या घशातून तीच मघाची हाक आली, आणि कोकरीची शेपटी थरथरायला लागली. चीक मिळाला की कोकरांची शेपटी हलतेच. ती खोटं बोलत नाही.

"तिला कळत नाही का, हे आपलं नाही ते?" बाईने विचारलं.

"कळत असेल हो," विल्फ म्हणाला. "पण हिला पान्हा फुटलाय, तिला भूक लागलीय, आणि वास ओळखीचा आहे. तीन दिवस तेवढ्यावर निभतं."

"आणि मग?"

"मग कातडं कुजतं. घाण मारायला लागतं. काढून टाकायचं. तोवर हिचं दूध तिच्या पोटातून फिरलेलं असतं, वास तिचा स्वतःचा झालेला असतो. तो पटला तर पटला. नाही तर लाथ." त्याने तिरकी नजर ऑब्रीकडे टाकली. "बापजाद्यांच्या नावावर जगणाऱ्या सगळ्यांचं असंच असतं बघा."

ऑब्रीने सोललेलं कोकरू उचललं. "बिल्ल्यांचं रजिस्टर घरात आहे. तपासून घ्या."

"कसले बिल्ले?"

"तुम्ही खात्यातून ना?"

"नाही हो. मी मार्गारेट ड्रमलाय. मंगळवारी तुम्ही आला नाहीत, म्हणून म्हटलं आपणच बघून यावं." तिने कपाळावरचे केस कोपराने मागे सारले. "तिघांतली मी एक."

लेडी ड्रमलाय. स्कॉटलंडातलं आठशे वर्षांचं घराणं. ऑब्री एका हातात सोललेलं कोकरू धरून उभा राहिला. काहीतरी म्हणणं भाग होतं.

"साबण तिथे आहे," तो म्हणाला.

"कळलं मघाशी," लेडी ड्रमलाय म्हणाल्या.

हात धुऊन, अंगठ्या घालून, काळा चहा उभ्याउभ्या पिऊन त्या गेल्या. मताबद्दल शब्द नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत ऑब्री हलला नाही.

"तुम्हीही ओळखलं नाहीत ना?"

"ओळखलं की. परवा आलेल्या निवडणुकीच्या कागदात फोटो होता."

"मग बोलला का नाहीत, विल्फ!"

"मेंढी अडली होती." विल्फने टोपी झटकून डोक्यावर घातली. "लॉर्ड काय, एक मेला की पुन्हा निवडणूक. मेंढी एकदाच मरते."

सोमवारी दुपारी ते दोघे वरच्या कुरणात होते. तिसरा दिवस. विल्फने कोकरीला दोन गुडघ्यांत धरून कातडं कापून काढलं. वास असा, की कुत्र्यानेही तोंड फिरवलं. आत ती पुन्हा पांढरीशुभ्र. मेंढी चार पावलं मागे सरकली आणि बघत राहिली.

त्याच वेळी खाली फाटकावर चढून हेस्टर ओरडायला लागली. वारा उलटा. एकच शब्द वर येत होता.

"टान! टान!"

"दोन?" ऑब्रीचा चेहरा उतरला. "दोन मेल्या?"

"थांब," विल्फ म्हणाला. तो मेंढीकडे बघत होता. मेंढी पुढे आली, पांढऱ्या शेपटीखाली हुंगलं आणि बाजूला होऊन कास मोकळी केली.

"दोन मतं!" हेस्टर धापा टाकत वर पोचली. "फोन आला होता! तिघांतली दोन!"

एकंदर मतदानाच्या सदुसष्ट टक्के. हुकूमशहांना याहून जास्त पडतात, पण त्यांना मेंढीची बाळंतपणं करावी लागत नाहीत. ऑब्री त्या ओल्या गवतात खालीच बसला.

दुसरं मत कुणाचं, ते टपालाने कळलं. एक्याण्णव वर्षांच्या व्हायकाउंट टेडबर्ननी थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'तुझ्या वडिलांनी चार मिनिटांत संपवलं होतं. तेवढं एक भाषण मी पूर्ण जागेपणी ऐकलं. मुलगाही आटोपशीर निघेल अशी आशा आहे.'

"म्हणजे एक मत बापाच्या कातड्याला," विल्फ म्हणाला, "आणि एक तुझ्या आरडाओरड्याला. बरोबरीत आहे."

जूनमध्ये ऑब्री बापाचा सूट घालून लंडनला उभा राहिला. सुटाला डांबरगोळ्यांचा वास, हातांना काही केल्या न जाणारा मेंढीचा. वर गॅलरीत हेस्टर आणि विल्फ. लाल बाकांच्या रांगाच रांगा, आणि त्यांवर करड्या डोक्यांचा कळप. कुणीतरी खोकलं, ते अगदी फुफ्फुस धरलेल्या मेंढीसारखं, आणि ऑब्रीला एकदम घरच्यासारखं वाटलं. हातातला कागद त्याने घडी करून खिशात टाकला.

त्याने खडकाचं सांगितलं, झऱ्याचं सांगितलं, आईने कोकराला दाखवायच्या वाटेचं सांगितलं. "हे कुठल्याही कचेरीत ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "ते मेंढीत ठेवलेलं आहे. मी सगळ्या मेंढ्या मागत नाही. झाडं येऊ देत, मलाही सावली आवडते. तिनातली एक वर राहू द्या. वाट माहीत असलेलं कुणीतरी वर पाहिजे. बाकीच्या तिच्या मागे परत येतील." आणि तो बसला. चार मिनिटं दहा सेकंद. पुढच्या बाकावर लेडी ड्रमलाय आपले हात बघत होत्या. व्हायकाउंट टेडबर्न जागे होते.

मतदानाला लॉर्ड लोक उठून दोन दारांतून एकेक करत जायला लागले आणि दाराशी माणसं त्यांना मोजायला उभी राहिली. विल्फ गॅलरीत पुढे वाकला.

"बघितलंस?" तो हेस्टरला मोठ्याने म्हणाला. "फाटकातून काढून मोजतात! अगदी आपल्यासारखंच!" शिपायाने त्याला गप्प केलं. तोवर त्याची बोटं सवयीने मिटायला लागली होती, गाठींसकट.

तिनातली एक राहिली. आठ मतांनी.

तेरा महिन्यांनी नवा कायदा आला. बापजाद्यांच्या नावावर बसणाऱ्या उरल्यासुरल्यांनीही आता उठावं. ऑब्रीने त्यावर मत दिलं नाही. बाजूनेही नाही, विरोधातही नाही. त्या दिवशी लोकर कातरायची होती. गावात टपाल कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "वाईट झालं हो, लॉर्डसाहेब. बसा, पाऊस थांबेपर्यंत." आणि त्यांनी त्याला बसथांब्याच्या छपराखाली जागा करून दिली.

"वाईट वाटतं का?" हेस्टरने घरी विचारलं.

"तिसरा दिवस होता," ऑब्री म्हणाला. "कातडं निघायचंच." आणि त्याने कात्रीला धार लावायला घेतली.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात राहिलेल्या मेंढ्या कोकरांसह वर सोडल्या. स्वच्छ ऊन होतं, कोल्डरिग डोक्यापर्यंत दिसत होता. वाटेच्या फाटकाशी विल्फ मोजायला उभा. वीस झाल्या की एक खडा खिशात. करड्या मेंढ्या, काळी कोकरं, आणि त्यांच्यामध्ये एकच पांढरी. विल्फने तिचं नाव लेडी ठेवलं होतं. तिच्या मागे तिचं पहिलं कोकरू, बापावर गेलेलं, काळं.

फाटकाबाहेर वाट दुभंगते. एक फाटा खाली खोऱ्यात जातो, जिथे ती जन्मली होती. एक वर. गेली दोन वर्षं ती आईमागे गेली होती. ती आई या हिवाळ्यात गेली. आज तिच्यापुढे कुणी नव्हतं. लेडी थांबली. नाक वर करून तिने वारा घेतला. ऑब्रीने कुत्र्याला आडवा हात केला. कुणीही काही करायचं नव्हतं.

ती वर वळली. झऱ्याशी डावीकडे गेली, ओढा तिसऱ्या दगडावरून ओलांडला, आणि चढत चढत बोटाएवढी होऊन दुभंगलेल्या खडकापाशी पोचली. तिथे थांबली. पलीकडे एक पाऊल नाही. वळून कोकराला हाक घातली, ती खालपर्यंत ऐकू आली.

ऑब्री शेवटच्या मेंढीमागून फाटकातून बाहेर पडला, वर बघतच.

विल्फने अखेरचा खडा खिशात टाकला. "दोनशे वीस."

"एकोणीस आहेत," ऑब्री म्हणाला. "मी सकाळीच बघितल्यात. एक जास्त मोजलीत तुम्ही."

"साठ वर्षं या फाटकात मोजतोय," विल्फ म्हणाला. "आत्ता जे जे बाहेर गेलं, ते मी बघितलंय. कडी लाव."